म्यान रिकामं आहे हो!

डोकं अजून तापलेलंच आहे, त्यामुळे मध्येच कुठे शब्द गाळल्यासारखा वाटला तर तिथे शिवी होती असं समजा आणि पुढे चला.

तर मला कुरिअरने एक म्यान पाठवायचं होतं. तलवारीचं. तलवार नाही, फक्त म्यान. जुन्या पद्धतीच्या तलवारी-सुऱ्या हाताने बनवायचा नाद माझ्या एका मित्राला आणि मला आहे, पाती तो घडवतो, म्यानं मी करते. पातं मापासाठी माझ्याकडे होतं ते तो येऊन घेऊन गेला, म्यानाच्या चामड्याचा रंग वाळायचा होता म्हणून ते मागे राहिलं. संपली गोष्ट. म्हणजे संपायला हवी होती.

काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "आत काय आहे?"

"म्यान."

"म्यानात काय आहे?"

"काही नाही."

"मग पाठवताय काय?"

आता याला काय सांगणार. तो कॉम्प्युटरकडे बघून यादी वाचायला लागला, कागदपत्रं, कपडे, इलेक्ट्रॉनिक्स, औषधं, गृहसजावट, इतर. मी म्हटलं इतर. तो म्हणाला इतरला साहेबांची परवानगी लागते. साहेब कुठेत? बाहेर गेलेत. कधी येणार? त्याने खांदे उडवले. आणि मग आवाज चढवून, का ते देव जाणे, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, तलवार नक्की नाही ना यात?"

इथे काका आले.

काका माझ्या मागेच उभे होते. हातात एक पाकीट आणि बाहेर लख्ख ऊन असताना लांब दांड्याची छत्री. तलवार शब्द ऐकल्याबरोबर ते रांग सोडून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, जणू त्यांनाच बोलावलं होतं.

"तलवार वीस किलोची असायची," त्यांनी त्या मुलाला सांगितलं. "हे एवढं हलकं आहे म्हणजे आत नसणार."

म्हणजे काका माझ्या बाजूने होते. मी गप्प बसायला हवं होतं असं घरी सगळ्यांचं मत पडलं, मला ते मान्य नाही. वीस किलो! अहो एका हाताने चालवायची तलवार साधारण सव्वा किलोच्या आसपास असते, दोन हातांची लांब तलवारसुद्धा दीड किलोच्या आगेमागे. वीस किलोचं काहीतरी घेऊन दिवसभर लढायचं? काकांनी स्वतःचं पाकीट तरी एका हातात धरलं होतं का, ते पण काउंटरवर टेकवलेलं होतं. मी हे (पाकिटाचं सोडून) सांगितलं. काका माझ्याकडे दयेने हसले.

"तुम्ही वाचून सांगताय, ताई. मी बघितलीये. मधोमध ती खाच असते ना, ती कशाला असते माहितीये?"

मला माहिती होतं. काका काय सांगणार तेही माहिती होतं. जगात कुठेही चारचौघांत पातं काढा, पाचव्या मिनिटाला कोणीतरी हे सांगतंच.

"रक्त वाहून जायला," काका म्हणाले. मागच्या एक बाई "अगंबाई" म्हणाल्या. काकांना हुरूप आला. "नाहीतर तलवार आत अडकते. हवा लागते आत जायला."

मी शांतपणे म्हटलं की काका, ती खाच वजन कमी करायला असते. मधलं पोलाद काढून टाकलं तरी पात्याचा ताठपणा फारसा जात नाही, पण हातात हलकं होतं. रक्ताबिक्ताचा काही संबंध नाही.

"असं मिस्टरांनी सांगितलं का?"

"नाही."

"पण हे सगळं तेच करत असतील ना? ठोकाठोकी, लाकूडकाम?"

"मी करते."

"तसं नव्हे, म्हणजे शिवणकाम तुम्ही, आणि लाकडाचं..."

"लाकडाचं पण मीच."

"मग मिस्टर?"

"ते त्या वेळात बाहेर जातात. सरस उकळत ठेवला की त्यांना वास सहन होत नाही."

यावर काकांनी "हं" केलं. ते "हं" मला अजून ऐकू येतंय. रंधा मी मारते, पटाशीने पोकळी मी कोरते, आरीने भोकं पाडून दोन सुयांनी समोरासमोरून टाके मी घालते, बोटांची सालटी माझी निघतात आणि प्रत्येक वेळी कोणीतरी माझ्या खांद्यावरून मागे बघतं की खरा कारागीर कुठे उभा आहे. मित्राला कोणी विचारत नाही की हे पातं बायको घडवते का.

आणि त्यातही म्यान! तलवारीला निदान मान आहे. नवव्या ते अकराव्या शतकातल्या युरोपातल्या १०० हून जास्त तलवारींवर "उल्फबेर्त" असं नाव पात्यातच लोखंडाने जडवलेलं सापडलंय, हजार वर्षं झाली तरी लोक त्यावर वाद घालतात की हा माणूस होता, घराणं होतं की नुसता छाप. म्यान करणाऱ्यांची नावं? लाकूड कुजलं, चामडं कुजलं, राहिली टोकाची धातूची टोपी आणि तोंडाची पट्टी. संग्रहालयात काचेमागे तलवार दिमाखात आणि खाली कोपऱ्यात एक हिरवा पडलेला तुकडा, तेच माझ्यासारख्या म्यान करणाऱ्याचं काम. घरी येणारे पाहुणे पण तसेच. म्यान हातात घेतात, तलवार उपसतात, म्यान न बघता सोफ्यावर टाकतात आणि पात्यावरून अंगठा फिरवतात. अंगठा! घामातल्या मिठाने दुसऱ्या दिवशी तिथे तांबूस ठसा उमटतो. मग तो मी घासत बसते, पाहुणे नाही.

लोकांना वाटतं म्यान म्हणजे कव्हर. अहो ते कव्हर असतं तर मी पिशवी शिवली असती. दोन पातळ फळ्या, प्रत्येकीत पात्याच्या आकाराचा अर्धा खड्डा, आतून लोकर, बाहेरून चामडं. लाकूड कुठलंही चालत नाही. ओक घेतलं तर दिसायला भारदस्त पण त्यातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य पोलादाला खातं, तलवार सुरक्षित ठेवायला म्हणून आत घालायची आणि ती आतल्या आत गंजायची. मी पॉपलर वापरते. जपानी लोक होनोकी नावाचं त्यांच्याकडचं लाकूड वापरतात आणि दोन्ही अर्धे शिजवलेल्या भाताच्या खळीने चिकटवतात, म्हणजे आत घाण गेली तर म्यान सरळ उकलून साफ करता येतं. हे मला त्या दिवशी फार आठवलं, का ते पुढे कळेल. आतल्या लोकरीत थोडी नैसर्गिक चरबी असते, तिने पात्याला गंज कमी लागतो, व्हायकिंग काळातल्या म्यानांमध्ये अशी लोकर सापडलीये. आणि खरी परीक्षा ही की म्यान उलटं धरलं तर तलवार पडता कामा नये, पण हाताने ओढली तर अडता पण कामा नये. या एका "पण"साठी मी आत लोकरीचा केस न् केस टोकाच्या दिशेने झोपवलाय.

असो. काउंटरवर परत.

मुलगा म्हणाला स्कॅनर बंद आहे, त्यामुळे आत तलवार नाही हे दिसल्याशिवाय घेता येणार नाही. स्कॅनर चालू असता तर मीच खूश झाले असते. इंग्लंडमध्ये सटन हू इथे १९३९ साली जी प्रसिद्ध तलवार सापडली ती म्यानासकट गंजून एक झालेली, तिच्या पात्यात पीळ दिलेल्या लोखंडी कांबी जोडून केलेली नक्षी आहे हे एक्स-रे काढल्यावर दिसलं. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वीच्या म्यानाला एक्स-रे मिळतो. माझ्याला नाही.

"ताई खरं बोलतायत," काका एकदम म्हणाले. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

याचा इथे काय संबंध होता मला आजही कळलेलं नाही. पण ती म्हण ऐकली की माझा तोल जातो. राहतात! चिनी जोडतलवारी असतात, दोघी आतल्या अंगाने सपाट, एकमेकींना चिकटून एकाच म्यानात मजेत बसतात, हातात घेतल्या की दोन. मी हे म्हटलं, जरा मोठ्याने म्हटलं असेन.

मुलाचे डोळे मोठे झाले. "म्हणजे दोन आहेत?"

"एकही नाही!"

"आत्ता तुम्ही दोन म्हणालात."

काकांनी त्याला दुजोरा दिला. हो, त्या म्हणाल्या दोन. मागच्या बाईंनीही मान हलवली. आणि त्या मुलाने, मी "थांबा" म्हणेपर्यंत, टेबलावरची फूटभर लांब स्टीलची पट्टी उचलली आणि आत काही लागतंय का बघायला म्यानात घातली. आणि सोडली. म्हणजे त्याच्या हातून सुटली. सळ्ळकन आत गेली, अगदी कशी गेली म्हणून सांगू, मी झोपवलेल्या लोकरीवरून अलगद.

म्यान उलटं केलं. पट्टी पडली नाही. हलवलं, आपटलं, नाही. उतरत्या टोकात जाऊन अडकली होती आणि बाहेर यायला लोकरीचा प्रत्येक केस आडवा. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं आणि ते बघायला कोण, तर हे लोक.

"आता आत पातं आहे," काका समाधानाने म्हणाले.

मुलगा घाबरला. पट्टी ऑफिसची होती, तिच्यावर नंबर होता. मला म्हणतो मॅडम, पट्टी निघाल्याशिवाय पार्सल जाणार नाही आणि तुम्हालाही म्यान नेता येणार नाही. माझ्याच म्यानासकट मला तिथे अटक! मग त्याला सुचलं की त्याच्या नावाचा बिल्ला शर्टाला चुंबकाने लागतो. चुंबक काढलं, सुतळीला बांधलं, आत सोडलं. चिकटेना. काका म्हणाले चुंबक नकली आहे. चुंबक चांगलं होतं हो. साधं पोलाद चुंबकाला चिकटतं, भट्टीत तापत साधारण ७७० अंश सेल्सियसपर्यंत गेलं की चिकटायचं बंद होतं, माझा मित्र पाणी पाजायच्या आधी याच खुणेवरून उष्णतेचा अंदाज घेतो. पण स्टेनलेसच्या काही जातींत निकेल इतकं असतं की त्या थंडगार असतानाही चुंबकाला ओळख देत नाहीत. ऑफिसने नेमकी तीच जात घेतलेली. हे मी सांगितलं तर काका म्हणाले, "भट्टी? इथे?"

शेवटी पट्टीच्या टोकाला टांगायचं भोक असतं ते मला आठवलं. पेपरक्लिप सरळ करून आकडा केला, सुतळीला बांधला, मोबाईलच्या टॉर्चमध्ये एक डोळा मिटून गळ टाकत बसले. काकांनी म्यान धरलं होतं आणि त्यांची कॉमेंट्री चालू होती, डावीकडे, अजून डावीकडे, आता निसटलं, बघा म्हटलं नव्हतं. रांग दारापर्यंत गेली, कोणीही जायला तयार नव्हतं. शेवटी एकदाची निघाली पट्टी, सोबत लोकरीचा चांगला पुंजका घेऊन.

मी तो पुंजका हातात धरून उभी. मुलाने पट्टी उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाला, "ओरखडा आलाय मॅडम."

(इथे तीन-चार शब्द गाळलेत.)

मग बहुतेक माझा चेहरा बघून त्याने विचारलं की हे बनलंय कशाचं. मी म्हटलं लाकूड, चामडं, लोकर. "लोकर, चामडं, म्हणजे कपडे," असं म्हणत त्याने टिक केली आणि प्रिंटर सुरू झाला. एवढंच होतं तर. साहेब नकोत, परवानगी नको. मित्राला ते मिळालं, त्याचा मेसेज आला की म्यान भारी झालंय पण तोंडाशी लोकर जरा पातळ वाटते. त्याला मी उत्तर दिलेलं नाही.

पावती फाडून होईपर्यंत काका थांबले होते. छत्री पुढे करून म्हणाले, "याला एक करून द्याल का असं?"

"ओली छत्री लाकडात घातली की लाकूड फुगतं, काका."

"वाळल्यावर घालू."

"वाळल्यावर कशाला म्यान हवंय? कोपऱ्यात उभी राहते की."

"तशी तर तलवार पण राहते की!" काका म्हणाले.

मी पर्स परत काउंटरवर ठेवली आणि काकांना गंज म्हणजे काय हे पहिल्यापासून सांगायला घेतलं. मागच्या बाई पाकीट घेऊन दुसऱ्या कुरिअरकडे गेल्या.