‘बालीत सात लाखांना बुडवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

सर, नमस्कार.

आमच्या बाली टूरवरचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. लातूरमधल्या बऱ्याच जणांनी तो माझ्याआधीच वाचला होता. सकाळी पहिला फोन आला तो आमच्या सीएचा: ‘अरे, एका माणसाकडून सात लाख रोख घेतलेस आणि मला सांगितलं नाहीस?’ म्हणून घरी येऊन चहावर मिटवायची गोष्ट इथं सगळ्यांसमोर लिहावी लागतेय.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सरांचं म्हणणं असं: ‘विमानतळावर व्हिसाचे पाच लाख, टॅक्सचे दीड लाख आणि वर माकडापायी पन्नास हजार, असे सात लाख गेले. माझा चष्मा माकडाने नेला तेव्हा गाइडने माकडाला धरायचं सोडून मला धरलं. सगळा ग्रुप हसत होता. माझा व्हिडिओ गावभर फिरतोय. रामायण अर्धवट दाखवलं. जेवणात ठेचा नव्हता.’

आकडे सगळे बरोबर आहेत. बेरीजही बरोबर आहे, गणिताच्या शिक्षकाची चुकेल कशी? फक्त हे सात लाख इंडोनेशियाचे रुपिया आहेत. आपल्या एका रुपयाला तिकडे तेव्हा साधारण १९० रुपिया येत होते. म्हणजे सगळं मिळून आपले पावणेचार हजारांच्या आतच. त्यातले ५,००,००० रुपिया विमानतळावर मिळणाऱ्या व्हिसाचे, ते इंडोनेशिया सरकारकडे गेले. १,५०,००० रुपिया बाली प्रांताचा पर्यटन कर. तो फेब्रुवारी २०२४ पासून बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला भरावा लागतो, आम्हालाही सुटका नाही. हे दोन्ही खर्च पॅकेजच्या बाहेर आहेत असं तुमच्या कागदावर मराठीत छापलेलं आहे, खाली सही आहे, आणि सही सुवाच्य आहे.

आता राहिले माकडाचे पन्नास हजार.

बालीतल्या उलुवातू मंदिराला जाताना बसमध्ये गाइडने हिंदीतून आणि मी मराठीतून सांगितलं होतं: चष्मा, टोपी, कानातलं, मोबाइल, सगळं बॅगेत घाला आणि बॅगेची चेन लावा. ज्यांना चष्म्याशिवाय चालणं होत नाही त्यांनी माझ्याकडून दोरी घ्यावी. चौघांनी घेतली. तुम्ही मागच्या सीटवरून म्हणालात, ‘आम्हाला काय माकडाचं सांगता? आमच्या सासुरवाडीकडं माकडांच्या नावावर जमीन आहे!’ बस हसली, गाइडला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. धाराशिवजवळच्या उपळ्यात ३२ एकर जमीन कागदोपत्री खरोखर माकडांच्या नावे आहे आणि गावात त्यांचा मानपानही होतो. अशा मुलखातल्या माणसाला माकडाची भीती वाटत नाही हे मी समजू शकतो. माझंही लहानपण वेरूळ-दौलताबादच्या सहलींत वानरांना फुटाणे देण्यात गेलंय.

पण उलुवातूची माकडं निराळी. लांब शेपटीची, अंगाने लहान, आणि व्यवहाराला पक्की. ती वस्तू खायला नेत नाहीत, सौद्याला नेतात. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी इंडोनेशियातल्या सहकाऱ्यांबरोबर या मंदिरातल्या माकडांचा अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की मोठी माकडं माणसाला ज्याची किंमत जास्त तीच वस्तू बघून उचलतात, म्हणजे मोबाइल, नंबरचा चष्मा. आणि वस्तू भारी असेल तर साध्या खाऊवर सोडत नाहीत. लहान पिल्लांना हे जमत नाही, ती चार वर्षांची होईपर्यंत शिकत असतात. तुमचा चष्मा नेणारं चांगलं थोराड होतं, त्याचं शिक्षण पूर्ण झालेलं होतं.

ते मागून कठड्यावरून आलं, तुमच्या खांद्याला हात लावला आणि चष्मा घेऊन पुन्हा कठड्यावर बसलं. तुम्ही वर्गातल्या आवाजात ओरडलात, ‘ठेव ते खाली!’ माकडाने ठेवला नाही. आपल्या ग्रुपमधल्या तुमच्या जुन्या विद्यार्थ्याने मात्र हातातला मोबाइल ताबडतोब खाली ठेवला. मग तुम्ही माकडामागे धावलात. बर्म्युडा घातलेला असल्यामुळे मंदिराच्या नियमाप्रमाणे तुम्हाला गुडघ्याखाली सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड, गुंडाळायला दिलं होतं. ते गुंडाळून चालता येतं, धावता येत नाही. पुढचं लिहीत नाही, व्हिडिओत आहेच.

आणि इथं गाइडने तुम्हाला धरलं. सर, त्या कठड्यापलीकडे साधारण ७० मीटरचा सरळ कडा आहे आणि खाली हिंदी महासागर. तुम्हाला चष्म्याशिवाय तो दिसत नव्हता, त्याला दिसत होता. माकड पडत नाही. त्या पोराने योग्य तेच धरलं आणि उद्या तसा प्रसंग पुन्हा आला तरी तो तेच धरेल, अशी मी त्याला ताकीद देऊन ठेवलीय. त्याच्याविषयी ‘बेजबाबदार’ लिहिलंय तेवढं मला मान्य नाही.

चष्मा सोडवला तो मंदिराच्या माणसाने. त्यांच्याकडे यासाठी पिशवीत खाऊ असतो. त्याने पहिलं फळ दिलं. माकडाने ते खाल्लं आणि चष्मा दुसऱ्या हातात घेतला. दुसरं दिलं, तेही खाल्लं, आता चष्म्याची काडी दातात. शेवटी बिस्किटाचा पुडा दाखवला तेव्हा चष्मा खाली आला. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव पाडणारे व्यापारी मी पाहिलेत, पण इतक्या शांतपणे बसलेला एकही नाही. त्या माणसाला तुम्ही खुशीने ५०,००० रुपिया दिलेत, म्हणजे आपले पावणेतीनशेच्या आत. माकडाला एक पैसा गेलेला नाही, मलाही नाही. चावलेली काडी लातूरला आल्यावर बदलून घेतलीत, तिचे पैसे मी त्याच दिवशी दिले. रिव्ह्यूत त्याला जागा मिळाली असती तर बरं वाटलं असतं.

रामायणाचं म्हणाल तर तो केचक. १९३० च्या दशकात घडलेला नाचाचा प्रकार, वाद्य एकही नाही, उघड्या अंगाचे पुरुष गोल बसून ‘चक चक’ करतात त्यावरच सगळा ताल. सीताहरण आणि हनुमानाचं आगीतून निसटणं, यावर तिथं भर असतो. तासाभरात सातही कांडं बसत नाहीत. जागा आधी येईल त्याला, आणि आपला ग्रुप बिस्किटाच्या पुड्यापाशी अडकला होता, त्यामुळे टोकाला बसावं लागलं. हनुमान प्रेक्षकांत येऊन तुमच्या शेजारी बसला तेव्हा तुम्ही चष्मा काढून खिशात घातलात, त्यावर मी हसलो. ते हसणं माझं होतं, ग्रुपचं नाही.

व्हिडिओ टूरच्या ग्रुपमधून मी त्याच रात्री काढायला लावला. लातूरला तो तुमच्या साडूंनी पोहोचवला. त्यांच्याशी तुम्हीच बोला, मी घरच्या भानगडीत पडत नाही.

ठेचा मी डबाभर नेला होता. दुसऱ्या दिवशी संपला. कुणी संपवला ते काकूंना विचारा.

पैसे परत करायचा प्रश्न येत नाही. स्टार तुमचे, ते तुम्ही ठरवा, पण ‘सात लाख’च्या पुढे ‘रुपिया’ एवढं लिहाल का? आमच्या सीएची झोप परत येईल.

आणि काकूंनी सोमवारी ऑफिसात येऊन व्हिएतनामच्या दोन जागा धरून ठेवायला सांगितल्यात. तुम्हाला सांगितलंय की नाही मला माहीत नाही. सांगितलं असेल तर शुक्रवारपर्यंत दोघांच्या पासपोर्टची झेरॉक्स पाठवा, निघायच्या दिवसापासून सहा महिने तरी मुदत शिल्लक लागते. चष्म्याची दोरी ऑफिसात ठेवलीय, तिचे पैसे नाहीत.