जाऊन येते

जपानमधल्या ओकायामाला शिकायला येऊन आज सहा आठवडे झाले. एक गोष्ट लिहायची राहूनच जात होती, आज बसलेय. ही पोस्ट खास त्या मुलामुलींसाठी, जी मराठी माध्यमात शिकली आणि "आपलं इंग्रजी कच्चं, आपल्याला कुठलं जपान" म्हणून फॉर्मच भरत नाहीत.

मीही मराठी माध्यमातलीच. पुण्यात दोन वर्षं जपानी शिकले, पण वर्गात सगळं इंग्रजीतून चालायचं. जपानी वाक्य आलं की शेवटचं क्रियापद उचलून मध्ये आणायचं, त्याचं इंग्रजी करायचं, मग मनातल्या मनात मराठी. बोलताना हीच वाट उलटी. परीक्षेत हे निभावतं, कारण तिथे वेळ असतो. इथे काउंटरवरची मुलगी भरभर काहीतरी विचारते, त्यात 'फुकुरो' एवढाच शब्द कळतो, मागे चार माणसं उभी. फुकुरो म्हणजे पिशवी हे आठवेपर्यंत मी नुसती बघत राहिलेली असते. (२०२० पासून इथे प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, म्हणून दर वेळी विचारतात.)

पहिले दहा-बारा दिवस कागदपत्रांतच गेले. राहायला लागल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा, आरोग्य विमा, बँक, फोन. पासपोर्टवर माझ्या नावाला बाबांचं नावही जोडलेलं, त्यामुळे फॉर्मवरच्या चौकोनांत पूर्ण नाव मावेना. रोज रात्री खोलीवर येऊन रडायचे, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या हॉस्टेलला एक वयस्कर केअरटेकर आहेत. सकाळी बाहेर पडताना मुलं त्यांना 'इत्तेकिमास' म्हणतात आणि ते 'इत्तेराश्शाय' म्हणतात. पुस्तकात इंग्रजीत अर्थ दिला होता, 'मी निघते'. मी तसाच पाठ केलेला. एका सकाळी बूट घालता घालता तो शब्द मला पहिल्यांदा सुटा दिसला. इत्ते म्हणजे जाऊन. किमास म्हणजे येते.

जाऊन येते.

माझी आजी उंबऱ्यात उभ्या माणसाला 'जाते' म्हणू द्यायची नाही. "जाते काय, येते म्हण." आणि केअरटेकर आजोबा रोज मला काय म्हणत होते? 'जाऊन या.' तीन आठवडे मी हे ऐकत होते आणि मला कळलं नव्हतं!

त्या संध्याकाळी जुनी वही काढून बसले. 'ताबेते मिरु': मिरु म्हणजे बघणे, अख्खं मिळून खाऊन बघणे. 'शिते ओकु': ओकु म्हणजे ठेवणे, म्हणजे करून ठेवणे. 'ताबेते शिमाउ', खाऊन टाकणे. यातल्या एकेका रूपासाठी मी इंग्रजीत वेगवेगळे नियम घोकले होते. आपल्याकडे आई स्वयंपाकघरातून दिवसभर हेच बोलत असते. क्रियापद शेवटी, 'शाळेत'मधला 'त' नामाच्या मागे, तसाच त्यांचा 'नि' गाक्कोच्या, म्हणजे शाळेच्या, मागे. मध्ये इंग्रजी कशाला हवं होतं?

अक्षरांचा क्रमही बघा. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत लिहायची सिद्धम् लिपी आणि संस्कृतचं ध्वनिशास्त्र जपानला पोचलं, त्यातून हा क्रम आला. आपल्या वर्णमालेत च असतो तिथे त्यांचा स बसतो, आणि जुन्या काळी त्यांच्या ह चा उच्चार प होता, म्हणून तो म च्या आधी येतो. हे मला वर्गात कुणी सांगितलं असतं तर 'काना'ची, म्हणजे जपानी अक्षरांची, भीती अर्धी गेली असती.

एका रविवारी कोराकुएनला गेले. सिंहगड रोडवरची आपली पु. ल. देशपांडे बाग ज्या बागेवरून बेतली, ती हीच, १७०० साली पूर्ण झालेली. तळ्याकाठी एक बाई नातवाला पाणी दाखवत म्हणाल्या, "किराकिरा शितेरु ने." चमचम करतंय ना! त्यांचा 'ने' आणि आपला 'ना' तर जुळी भावंडंच वाटतात.

मागच्या आठवड्यात दाढ दुखायला लागली. दवाखान्यात बाबांच्या नावाला 'सान' (आपल्या 'जी'सारखं) लावून हाक आली, क्षणभर गलबललं. डॉक्टरांनी विचारलं, झुकीझुकी की चिकुचिकु? ठणकतंय की टोचल्यासारखं होतंय? असे शब्द ज्या भाषेत जागोजागी आहेत तिथे मराठी माणसाला परकं का वाटावं? मी झुकीझुकी म्हणाले. विमा असल्यामुळे बिलाचे ३० टक्केच भरावे लागले.

मराठीतून सगळंच सोपं होतं असं मी म्हणणार नाही. कांजींना, म्हणजे चिनीवरून घेतलेल्या चित्रलिपीतल्या अक्षरांना, इलाज नाही. रोजच्या वापराच्या म्हणून सरकारने ठरवलेल्या २,१३६ आहेत, त्या घोटाव्याच लागतात. अभ्यासाचे पेपर मीही इंग्रजीतूनच वाचते, त्यामुळे इंग्रजी सोडा असंही माझं म्हणणं नाही. पण जपानी शिकवणाऱ्या शिक्षकांना हात जोडून विनंती आहे, समोर मराठी मुलं बसली असतील तर फळ्यावर 'खाऊन बघणे' लिहा. ती मुलं लगेच बोलायला लागतील.

माझ्या वहीत अशा शंभरेक जोड्या झाल्या आहेत. फोटो काढून ठेवलेत. ज्यांना हवे असतील त्यांनी खाली सांगा, रात्री वसतिगृहावर पोचले की पाठवते.