खुलासा: कुंडीतलं ‘ख्रिसमस ट्री’ म्हणजे तालीसपत्र नव्हे

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘नर्सरीतलं ख्रिसमस ट्री हेच तालीसपत्राचं झाड. पानं उकळून प्या, खोकला जातो.’ तालीसपत्र म्हणजे खोकल्याच्या आयुर्वेदिक औषधांत वापरतात ते एका झाडाचं पान. पण हा दावा साफ चुकीचा आहे. मुलांना तर असला काढा अजिबात देऊ नका.

नर्सरीत त्या नावानं मिळतं ते बहुतेक वेळा अरोकेरिया, मूळ पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं. तालीसपत्र हिमालयातल्या फर झाडाचं. हा सदाहरित वृक्ष साधारण २,६०० ते ४,००० मीटर उंचीवर, बर्फाच्या प्रदेशात वाढतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तो तगणार कसा? त्याचं पान चपटं, खालच्या बाजूला दोन पांढरट पट्टे. ताजं पान चुरगळलं की राळेसारखा वास येतो. तालीसादी चूर्ण या खोकल्यावरच्या आयुर्वेदिक औषधात ते मिरी, सुंठ, पिंपळी, वंशलोचन, वेलची, दालचिनी आणि साखरेबरोबर पडतं.

खरी काळजी वेगळीच आहे. तालीसपत्र म्हणून थुनेर या हिमालयातल्याच दुसऱ्या झाडाची (इंग्रजीत ‘यू’) पानंही विकली जातात. थुनेर विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारं. त्याच्या पानाखाली ते पांढरे पट्टे नसतात, राळेचा वासही नसतो. पण वाळलेल्या, मोडक्या पानांत फरक ओळखणं कठीण. म्हणून सुटी पानं आणून घरी काढा करू नका; औषध वैद्यांच्या सल्ल्यानंच घ्या.