धक्क्याजवळचा धक्का: ‘मुंग्याच तर आहेत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘पाण्यात करंट उतरला तर घाबरू नका, पाच गोष्टी लक्षात ठेवा’ असा एक मेसेज फिरतोय. मी सोडूनही दिला असता. पण काल तो भाचीकडून आला, वर ‘मामा, मुलांना आजच समजावलं’. तिची दोन्ही मुलं रोज पोहायला जातात. आता गप्प कसा बसू?

सगळ्यात घातक सल्ला आधी. ‘अंगाला मुंग्या आल्या तर करंट सौम्य आहे असं समजा. जवळची शिडी किंवा धक्का धरून शांतपणे बाहेर या.’

सौम्य? साधारण 10 मिलिअँपिअरला स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सोडवत नाही. पाण्यात तर काही धरावंही लागत नाही. हातपाय चालेनासे होतात, हाक मारता येत नाही आणि पट्टीचा पोहणाराही खाली जातो. अंगावर खूण बहुधा नसतेच, त्यामुळे नोंद होते ती नुसती बुडाल्याची. ‘असं कधी ऐकलं नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

वर शिडी असते धातूची. आणि होड्या लागतात त्या धक्क्यावर दोष बहुतेक वेळा तिथल्याच वायरिंगमध्ये किंवा बांधलेल्या होडीत असतो. म्हणजे हा मेसेज माणसाला करंटच्या उगमाकडे पाठवतोय! होड्यांचा धक्का आणि विजेचा धक्का, मराठीत दोन्हीला धक्काच म्हणतात. लिहिणाऱ्याचा तिथेच घोळ झाला असावा. मुंग्या आल्या की आलात तसे मागे फिरा, पाय पोटाशी घ्या, ओरडून इतरांना सावध करा. पोहण्याच्या तलावात असाल तर पाण्यातल्या दिव्यांपासून लांब जा, धातूची शिडी आणि कठडा टाळून काठावरून वर या. आणि जिथे वीज आहे अशा धक्क्याजवळ पोहायचंच नाही. ‘काल पोहलो, काही झालं नाही’ याला अर्थ नाही. होडीतला बिघडलेला हीटर चालू होईल तेव्हाच करंट उतरेल.

‘एमसीबी आहे, ट्रिप होईल.’ नाही होणार. एमसीबी म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच. 16 अँपिअरचा एमसीबी म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, लागतो, आणि त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघावं लागतं.

‘12 व्होल्टचे दिवे सुरक्षित.’ अर्धं खरं. आयईसी 60364 या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग 7-702 तलावाच्या आत एसी करंटसाठी (घरात येतो तो) 12 व्होल्टचीच मर्यादा घालतो. पण ते 12 व्होल्ट मुख्य पुरवठ्यापासून पूर्ण विलग केलेल्या ट्रान्सफॉर्मरचे हवेत, कुठल्याही स्वस्त अडॅप्टरचे नाहीत. हेच मानक काठापासून 2 मीटरपर्यंत साधा सॉकेटही येऊ देत नाही. अपवाद फक्त जागेची अडचण असलेल्या छोट्या तलावांना, तोही अटींसह. गाण्यांसाठी काठावर एक्स्टेंशन बोर्ड ओढणाऱ्यांबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

‘खाऱ्या पाण्यात धोका कमी.’ बरं, हे मान्य. समुद्राचं पाणी शरीरापेक्षा चांगलं वाहक, म्हणून करंट बराचसा बाजूने जातो. गोड्या पाण्यात शरीरच सोपा रस्ता ठरतं. क्लोरीन टाकल्याने तलावाचा समुद्र होत नाही.

शेवटचं रत्न: ‘कुणाला वाचवायचं तर रबरी हातमोजे घालून उडी मारा.’ बाकीचं अंग काय कोरडं राहणार? आधी मेन स्विच बंद, मग काठावरूनच रिंग फेका.

भाचीला मी एकच काम सांगितलंय: तलावाचा मेन स्विच कुठे आहे ते तिथल्या जीवरक्षकाला विचार. उद्या विचारते म्हणाली.