‘धुळे’ची लांबी चार कशी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पायथॉन ३ ही प्रोग्रामिंगची भाषा स्ट्रिंग (म्हणजे मजकुराचा तुकडा) यूटीएफ-८ मध्ये (एका चिन्हाला १ ते ४ बाइट देणाऱ्या पद्धतीत) साठवते हे मी लिहिलं ते चूक, आणि ‘धुळे’ची लांबी ४ सांगणारी भाषा मराठीच्या कामाची नाही, त्यापेक्षा जुना पायथॉन २ बरा.

पहिलं मान्य. चूक माझीच, पोस्टमध्ये दुरुस्त केली. २०१२ च्या पायथॉन ३.३ पासून स्ट्रिंगमधला सगळ्यात मोठा कोड पॉइंट (युनिकोड या जागतिक मानकाने प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक) बघून ठरतं, प्रत्येकाला १, २ की ४ बाइट द्यायचे. देवनागरीला २ पुरतात, म्हणून ‘धुळे’च्या चार कोड पॉइंटचे ८ बाइट, यूटीएफ-८ मध्ये १२ लागले असते. गंमत म्हणजे ‘रावेरची केळी’ पुढे केळ्याची इमोजी टाकली, की अख्खी ओळ प्रत्येकी ४ वर जाते. एका पाहुण्यासाठी सगळ्या पंगतीला मोठी ताटं! पण माप सारखं असल्यामुळेच पाचवा कोड पॉइंट थेट सापडतो, पहिल्यापासून मोजत यावं लागत नाही.

दुसरं मात्र पटलं नाही. पायथॉन २ मधली साधी स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट. यूटीएफ-८ फाइलीत हाच ‘धुळे’ तिथे १२ भरायचा, आणि पहिले चार मागितले तर आख्खा ध आणि उकाराचा तुकडा हातात. त्याला बरा म्हणायचं?

आता ४ का, तर ध, उकार, ळ, एकार. तुम्हाला हवं असलेलं २ हे उत्तर स्विफ्ट ही भाषा देते, कारण ती डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजते. पण ‘अक्षर’ कशाला म्हणायचं हेच तर बदलत राहतं. ‘खान्देश’मध्ये कोड पॉइंट ७. अक्षरं युनिकोडच्या जुन्या नियमाने ४, कारण न् आणि दे वेगळे. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षराचा नियम आला आणि तीच ३ झाली. (‘खानदेश’ लिहिणाऱ्यांचं भांडण वेगळंच.) लांबीसारखी मूलभूत गोष्ट अशी हलती नको, म्हणून मला पायथॉनचं रुक्ष उत्तर चालतं.

माझा खरा घाम या लांबीने नाही काढला. एका केळी व्यापाऱ्याच्या हिशेबात केऱ्हाळे गाव यादीत दोनदा यायचं, दिसायला तंतोतंत सारखं. एकाने ऱ, हलन्त, ह असं टाइप केलेलं. दुसऱ्याने साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि ह. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करूनही दोन्ही वेगळेच राहिले. शेवटी नोंद आत येतानाच दुसरं रूप पहिल्यात बदलणारी एक ओळ लिहिली. ती अजून तिथेच आहे.