नवीन बांधलेल्या इंजिनात रॉकेल ओतू नका

परवा मामाचा फोन, "रॉकेल कुठं मिळंल रे आता?" त्याच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या ओम्नीचं इंजिन महिन्यापूर्वी बांधलंय, म्हणजे उघडून, धुऊन परत जोडलंय, पिस्टनच्या रिंगा नवीन, बेअरिंग नवीन, आणि गाडी स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता नुसती चालू असताना) थरथरतीय. तो फिरणारा मेसेज त्यालाही आलेला: बांधलेलं इंजिन 2000 किमी थरथरणारच, नव्या रिंगा घासून नीट बसायला गाडी उभी करून तीन-चार तास स्लोवर ठेवा, आतला कचरा निघायला इंजिन ऑइलमध्ये अर्धा लिटर रॉकेल टाकून वीस मिनिटं चालवा, तरी थांबलं नाही तर स्लोचा स्क्रू वाढवा.

रॉकेलचं वाचून डोकंच फिरलं. अहो, क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) आणि बेअरिंगच्या मधे तेलाचा एक पातळ थर असतो, त्याच्या जिवावर ते धातू एकमेकांना घासत नाहीत. या इंजिनात तेल जेमतेम तीन लिटर, त्यात अर्धा लिटर रॉकेल म्हणजे तेलाचं पाणी, आणि स्लोला पंप आधीच हळू फिरतो त्यामुळे प्रेशर कमीच असतं. हजारो रुपये घालून बसवलेली बेअरिंग वीस मिनिटांत खराब करायची कशासाठी? कचरा जुन्या इंजिनात असतो, हे तर आत्ता उघडून धुतलंय! धातूच्या बारीक कणांची भीती वाटत असेल तर तेल आणि फिल्टर लवकर बदला. थरथर येते हवा-पेट्रोलचं प्रमाण, स्पार्क नाहीतर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) बिघडल्यामुळे, यातलं एकही तेलात रॉकेल टाकून सुधरत नाही.

उभ्या गाडीत रिंगा बसत नाहीत. जळलेल्या गॅसचं प्रेशर रिंगेच्या मागून तिला बोअरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर दाबतं, आणि ते प्रेशर पुरेसं येतं ते लोडवरच, गाडी ओढत असताना. मारुतीच्या गाडीसोबत जे मॅन्युअल येतं त्यात नवीन गाडीसाठी स्पष्ट लिहिलंय की एकाच वेगाने फार वेळ चालवू नका, वेग कमीजास्त करत राहा. बांधलेल्या इंजिनालाही तेच लागू.

2000 किमीचं म्हणाल तर, बरं, थोडं खरं आहे. रिंगा बसेपर्यंत इंजिन जड असतं, आणि तीन सिलेंडरची गाडी चारवाल्यासारखी गुळगुळीत चालणार नाहीच. पण हातातली चावी खडखडेल इतकी थरथर म्हणजे काहीतरी चुकलंय. स्क्रू वाढवला की ते फक्त झाकलं जातं.

रविवारी मामाकडे गेलो, पुढची सीट उचलली (ओम्नीचं इंजिन तिच्याखालीच असतं), पेट्रोल पाइपचा हातभर तुकडा कानाला लावून दुसरं टोक कार्बोरेटरच्या बुडाशी फिरवलं, तर एका जागी बारीक सूंऽऽ आवाज. मॅनिफोल्डवरचा (कार्बोरेटरकडून सिलेंडरकडे जाणाऱ्या नळीवरचा) व्हॅक्यूमचा रबरी पाइप तोंडाशी चिरलेला, जुनाच परत बसवलेला. तिथून जादा हवा आत जाऊन हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडत होतं. चिरेवर बोट दाबलं आणि थरथर तिथल्या तिथं बंद.

तिथं काही सापडलं नसतं तर टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या फटीचा, गॅप बघितला असता (थंड आणि गरम इंजिनाचा आकडा वेगळा असतो, हे बरेच जण विसरतात), मग टायमिंग बेल्ट एक दात चुकलाय का ते, आणि मग तिन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन.

नवा पाइप टाकलाय. 1000 किमी झाले की मामा टॅपेट परत तपासून घेणार आहे.