एकच रुमाल

आमच्या घरात निर्णय लवकर होत नाहीत. स्वयंपाकघराला कोणता रंग द्यायचा ते ठरवायला आणलेले नमुन्याचे सहा पट्टे गेली चार वर्षं त्याच भिंतीवर चिकटवलेले आहेत. पाहुण्यांना ती सजावट वाटते, आणि आता आम्हीही तसंच सांगतो. अशा घरात मे महिन्यातल्या एका रविवारी, पोहे पुढ्यात असताना सईने विचारलं, "बाबा, मी मेडिकलला अर्ली डिसिजन करू का?"

"कर की," मी म्हटलं. लवकर होणाऱ्या कुठल्याही गोष्टीला माझा तत्त्वतः पाठिंबा असतो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत ही नजर मला पाठ झाली आहे. 'काय विचारलंय ते कळलंय का?' असा तिचा अर्थ. नव्हतं कळलं.

आम्ही अटलांटाच्या उत्तरेला राहतो. सईने अथेन्सला, म्हणजे जॉर्जियातल्या अथेन्सला, चार वर्षांची पदवी घेतली. फी राज्याच्या शिष्यवृत्तीतून गेली. ही शिष्यवृत्ती १९९३ पासून सरकारी लॉटरीच्या पैशांवर चालते, आणि ही गोष्ट आम्ही अण्णांपासून, माझ्या वडिलांपासून, तीन वर्षं लपवून ठेवली होती. अण्णा सांगलीला हेडमास्तर होते आणि मटका, लॉटरी, तीनपत्ती या विषयांवर दर जूनमध्ये प्रार्थनेनंतर पोरांना झाडायचे. शेवटी एकदा सईनेच सांगून टाकलं. अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हरतात ते कोण रे?" याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

तर इथे डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी चार वर्षं पदवी, मग चार वर्षं मेडिकल, मग रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळातलं प्रशिक्षण, ती तीन ते सात वर्षं. एप्रिलमध्ये आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा आईने बोटांवर बेरीज करून विचारलं, "म्हणजे ही पेशंटला हात तिशीत लावणार?" अण्णांनी लगेच सईची बाजू घेतली. "जिमी कार्टरची आई 68व्या वर्षी विक्रोळीला येऊन नर्सचं काम करत होती. आपली तिशीत करेल." हे खरं आहे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या कार्टरची ही आई आमच्या जॉर्जियाचीच. कार्टरबाई 1966 साली पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून आल्या होत्या. अण्णांना जॉर्जियाबद्दल माहीत असलेली ही एकच गोष्ट, आणि ती ते कुठेही बसवू शकतात.

आता अर्ली डिसिजन. सरळ वाटेने जायचं तर अर्ज मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये करायचा, एकाच ठिकाणी भरायचा आणि तिथून हव्या तितक्या कॉलेजांना पाठवायचा. जूनच्या शेवटापासून कॉलेजं अर्ज येतील तसे उघडत जातात. उशिरा आला तो रांगेत मागे. अर्ली डिसिजनमध्ये मात्र 1 ऑगस्टच्या आत एकाच, फक्त एकाच कॉलेजला अर्ज करायचा. ते ऑक्टोबर उजाडेपर्यंत उत्तर देतं. हो म्हणालं तर तिथेच जायचं, मागे फिरायचं नाही. उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कॉलेजच्या दारात उभं राहायचं नाही. आणि नाही म्हणालं तर मग तुम्ही मोकळे. ऑक्टोबरात. बाकीच्या कॉलेजांच्या मुलाखती सुरू होऊन गेल्यावर.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने डबा आणायच्या जेवणाला, मी चार जणांना विचारलं. चौघांनीही स्थळाचीच उपमा दिली. एकच स्थळ बघायचं, त्यांचं उत्तर येईपर्यंत दुसरीकडे पत्रिका द्यायची नाही, वगैरे. चौथ्या काकूंनी तर "मुलीला पसंत आहे का पण?" इथपर्यंत नेलं. मला ही उपमा पटली नाही. स्थळाला नकार दिला म्हणून गावातली बाकीची मुलं ऑक्टोबरपर्यंत संपत नाहीत.

मला आठवला सांगलीचा एसटी स्टँड. दिवाळीची गर्दी, पुण्याची गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. शहाणा माणूस काय करतो? एक रुमाल या गाडीत, एक पिशवी त्या गाडीत, धाकट्या भावाला तिसरीत चढवून देतो. जी आधी सुटेल ती आपली. इथली पोरं हेच करतात. सरासरी पोरगं अठराएक कॉलेजांत रुमाल टाकतं. आमच्या मंडळातल्या एका घराने बत्तीस टाकले. अर्ली डिसिजन म्हणजे एकच रुमाल एकाच विनाथांबा गाडीत टाकायचा आणि बाकीच्या गाड्या समोरून निघून जाताना फलाटावर हाताची घडी घालून उभं राहायचं. कंडक्टर आला तर आला.

अण्णांना मी हे समजावलं. ते म्हणाले, "रुमाल टाकणं मुळातच बेकायदा आहे."

मग त्यांना मार्क बघायचे होते. इथली परीक्षा एमकॅट, सुट्ट्या धरून साडेसात तासांची. सईला 514 पडले होते. "किती पैकी?" "528." अण्णांचे डोळे भरून आले. मग सईने प्रामाणिकपणाची घाण सवय म्हणून सांगितलं, की सुरुवात शून्यापासून नाही, 472 पासून होते.

"कोरा पेपर दिला तर?"

"तरी 472."

हेडमास्तरकीच्या उभ्या आयुष्यात अण्णांना एवढा धक्का कधी बसला नसेल. कोऱ्या पेपरला चारशे बहात्तर! त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर वजाबाकी केली. "म्हणजे छप्पन्नपैकी बेचाळीस. पंचाहत्तर टक्के." थोडं थांबून, "डिस्टिंक्शन आहे तरी." सई म्हणाली, शंभरातल्या जवळजवळ नव्वद जणांच्या ती पुढे आहे. अण्णा म्हणाले, "मग आकडे सरळ द्यायला काय होतं यांना?" प्रवेश मिळालेल्यांची सरासरी 512च्या आसपास असते. म्हणजे सई सरासरीच्या दोन पायऱ्या वर उभी होती. ही जागा फार वाईट. खाली असतो तर बत्तीस रुमाल, फार वर असतो तर काहीही करा.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. 1991 साली बारावीचे पीसीबीचे मार्क यायचे, कॉलेजच्या फलकावर यादी लागायची, आणि आपलं काय होणार ते यादी ठरवायची. आपण फक्त मान वर करून आपलं नाव शोधायचं. माझं नव्हतं. मी घरी येऊन जेवलो. ठरवायचं काय होतं त्यात?

जूनमध्ये मी एक्सेल उघडलं. सतरा रकाने. अंतर, फी, हवामान, किराणा दुकान किती मैलांवर. आता एक गोष्ट कबूल करतो. पंचवीस कॉलेजांचा खर्च मी एका वेगळ्या पानावर काढला होता. पहिल्या कॉलेजचे पावणेदोनशेच्या आसपास, पुढच्या प्रत्येकाचे चाळीसच्या वर, आणि मग प्रत्येक कॉलेज 'आमचंच कॉलेज का?' असं विचारून निबंध मागतं आणि निबंध वाचायचे वेगळे पैसे घेतं. चारेक हजार डॉलर सहज. अर्ली डिसिजनला पावणेदोनशे आणि एक निबंध-फी. एवढी वर्षं इथे राहूनही मी मनात त्याचे रुपये केले, आणि त्या क्षणापासून मला अर्ली डिसिजन आवडू लागलं. तेव्हापासून माझ्या कुठल्याही मताला घरात किंमत उरली नाही. "बाबांना विचारू नका, बाबांची शीट आहे," असं सई म्हणायची.

बायको उलट्या बाजूने. तिचं म्हणणं, पोरीची सगळी अंडी एका टोपलीत कशाला. आई म्हणाली, "अंडी कुठून आली मध्येच?" आणि तो विषय तिथेच बसला.

असं करत जुलैचा तिसरा आठवडा आला. लवकर निर्णय घ्यायचा का, हे ठरवायला आम्हाला अकरा आठवडे लागले होते आणि ठरलं नव्हतं. दरम्यान सरळ वाटेची रांगही पुढे सरकत होती. मग बायकोने एका शनिवारी सगळ्यांना गाडीत घातलं. "जाऊन बघू तरी काय आहे."

सईच्या मनातलं ते एक कॉलेज आमच्यापासून गाडीने सव्वादोन तास. वाटेत, एका पेट्रोल पंपाच्या पुढे, पुठ्ठ्यावर हाताने रंगवलेली पाटी दिसली आणि सईने गाडी वळवली. ताडपत्रीखाली एक मोठं पातेलं, गॅसवर, आणि त्यात मीठपाण्यात उकळणाऱ्या भुईमुगाच्या शेंगा. जॉर्जियात या देशातला निम्मा भुईमूग पिकतो, आणि रस्त्याकडेला तो असा उकडून विकतात. मागे एक जाडजूड गोऱ्या मावशी घडीच्या खुर्चीवर. आई गाडीतून उतरली. चार महिन्यांत ती कुठल्याही दुकानात आपणहून शिरली नव्हती. तिने पातेल्यात डोकावून वाफ घेतली, मावशींनी झाऱ्याने तीन-चार शेंगा तिच्या तळहातावर टाकल्या, तिने एक दाताने फोडली, आतलं खारट पाणी चोखलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मीठ बरोबर आहे."

सांगलीच्या बाईकडून याहून मोठं प्रमाणपत्र निघत नाही. कॉलेज अजून चाळीस मैल लांब होतं, पण आईपुरता प्रवेश झाला होता.

सई मात्र शेंगांकडे बघत नव्हती. ती मावशींच्या पायांकडे बघत होती. रबरी चपलांचे पट्टे मांसात रुतलेले, घोटे कुठे संपतात ते कळत नव्हतं. ती खाली उकिडवी बसली आणि बोलायला लागली. आमच्याशी बोलते तसं नव्हे. शब्द ओढून, प्रत्येक वाक्याला 'येस मॅम' लावून. पोरीला हा हेल येतो हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. दोन उन्हाळे ती याच भागातल्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टरांच्या मागे फिरून टिपणं घ्यायची, तिथे शिकली असणार. मी तेव्हा ते तिच्या अर्जातली एक ओळ समजत होतो, सातशे अक्षरांत बसवायची.

"काय म्हणतेय ती?" आईने विचारलं.

सईने सांगितलं. मावशींना पाणी उतरवायची गोळी दिली आहे. पण गोळी घेतली की सारखं जावं लागतं, आणि पातेलं सोडून पंपावर कसं जाणार? म्हणून ज्या दिवशी दुकान लावायचं त्या दिवशी गोळी नाही. दुकान आठवड्यातून सहा दिवस लावतात.

आई एकदम गप्प झाली. फारच गप्प. तीच गोळी आईही घेते. सईने मान वर केली.

"आजी. तू सकाळी गोळी घेतलीस?"

आईने एक शेंग निवडली. "एवढा लांबचा प्रवास," ती शेंगेला म्हणाली.

कॉलेज आम्ही पाहिलं. इमारती होत्या. पाऊस आला. अण्णांनी आवारातल्या एका पुतळ्याखालची सगळी माहिती मोठ्याने वाचून दाखवली. परत येताना सई चालवत होती, मी शेजारी. ती म्हणाली, "बाबा, मला पंचवीस जागी जायचंच नाहीये. मला इकडेच राहायचंय. मग पंचवीस निबंधांत खोटं कशाला लिहू?" मी सतराव्या रकान्याबद्दल काही सांगणार होतो. मागून बायको म्हणाली, "तू गप्प बस." तिची अंडी केव्हा खाली ठेवली गेली ते मला कळलंच नाही.

अर्ज गेला. क्रेडिट कार्ड माझं, पण बटण दाबताना मला खोलीबाहेर काढलं होतं.

खरे हाल त्यानंतर सुरू झाले. मंडळाचा गणपती. आरती संपते न संपते तोच, प्रसादाच्या रांगेत, "किती कॉलेजांना केला सईने?" मी म्हणायचो, "एक." समोरच्याच्या हातातला द्रोण थांबायचा. "हो, पण एकूण?" "एकूणच." मग ती माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवून, मयताला आल्यासारखं हळू बोलायची. बत्तीस रुमालवाले गृहस्थ तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पैशाची काही अडचण होती का? सांगायचंस तरी." त्या शीटबद्दल त्यांना कोणी सांगितलं असेल ते मी अजून शोधतोय.

सप्टेंबरात मुलाखत झाली. सई एकटीच गेली, येताना शेंगांच्या दोन पिशव्या घेऊन आली. मावशी होत्या. पाय? "तसेच." दुपारच्या दोन तासांसाठी भाचा पातेल्याजवळ बसायला कबूल झालाय म्हणाल्या, सई म्हणाली, बघू.

आता नऊ दिवस राहिलेत. मी दिवसातून सहा वेळा तिला काही आलं का विचारतो, ती सहा वेळा नाही म्हणते. अण्णा कोऱ्या पेपरच्या मार्कांवर परीक्षा घेणाऱ्या संस्थेला पत्र लिहीत आहेत, इंग्रजीत, तिसरा मसुदा चालू आहे. आई शांत आहे. तिने गणपतीपुढे नवस बोललाय असं काल कळलं.

"कसला नवस?" सईने विचारलं. "मोदकांचा?"

"मोदक कोण करणार इथे. तुला मिळालं तर गोळी रोज घेईन म्हटलंय."

सई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि नाही मिळालं तर?"

आईने शेंगांची पिशवी जवळ ओढली. "ते एक तारखेनंतर बघू."